उंदरांचा उतारा

उंदरांनी दारू सोडली तर देवतळे सरांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती. इतका सरळ व्यवहार मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. जुने प्रमुख श्रावणात निवृत्त व्हायचे होते, मुलाखत त्याच सुमाराला, आणि दिल्लीच्या परिषदेतला निबंध त्याच्या थोडा आधी. निबंधाचा सगळा भार आमच्या प्राणिघरातल्या पांढऱ्या उंदरांवर. सुलभा उमाटे सरांकडे पीएच.डी. करत होती, तिला त्यातून पदवी मिळायची होती. मी मेंदूतली रसायनं मोजणाऱ्या यंत्रावर बसणारी. उंदीर प्याले काय आणि सुधारले काय, माझ्या पदरात काही पडायचं नव्हतं. म्हणून मला बाकीच्यांकडे बघायला सवड होती.

"किती?" सरांनी त्या सकाळी प्राणिघराच्या दारातूनच विचारलं. आत यायचे नाहीत, वास सहन व्हायचा नाही.

सुलभा दारूची बाटली डोळ्यांसमोर धरून पातळी बघत होती. "निम्म्याहून खाली आली, सर."

"सगळ्यांची?"

"औषधाची सुई दिलेल्यांची. मिठाच्या पाण्याची सुई दिलेले तसेच पितायत."

"पिऊ देत. त्यांनी प्यायलाच पाहिजे." सरांनी रुमालानं नाक पुसलं. "आणि पाणी?"

"औषधवाले पाणी भरपूर पितात. दुपटीनं."

"उमाटेबाई, यालाच निकाल म्हणतात," असं म्हणून सर इतक्या झपाझप गेले, की मला वाटलं खुर्ची आजच रिकामी झाली.

प्रयोग समजायला सोपा होता. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या. एकीत पाणी, दुसरीत पाणी घालून सौम्य केलेली दारू. जबरदस्ती काही नाही. उंदरानं आपल्या मर्जीनं हवी ती नळी चोखायची. सर याला 'ऐच्छिक मद्यपान' म्हणायचे आणि म्हणताना चष्मा काढायचे. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. ते तयार होतं, वापरलं जातं आणि त्याचा गाळ उरतो. मोरीत किती कप पडलेत यावरून घरात किती पाहुणे येऊन गेले ते कळावं, तसं त्या गाळावरून किती सेरोटोनिन खर्ची पडलं ते मी मोजायची. आपखुशीनं पिणाऱ्या आमच्या उंदरांत हा खर्च वेगळाच दिसत होता. मग सरांनी पुढचं पाऊल टाकलं. एका रांगेला सेरोटोनिन वाढवणारं औषध टोचायचं, दुसरीला तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी, आणि उंदीर पिणं सोडतो का बघायचं.

सोडण्याआधी प्यायला लावणं आलं. त्यातच आमचा अख्खा हिवाळा गेला होता. उंदीर दारूच्या नळीला नाक लावायचे आणि पाठ फिरवून पाणी प्यायचे. आमचा जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा उंदीर कायदा पाळतात असा विनोद ग्रंथालयापर्यंत पोचला होता. सर चिडायचे. सुलभा रडकुंडीला यायची. शेवटी दारूत साखर घालून उंदरांना गोडी लावली आणि रोज थोडी थोडी साखर काढून घेतली. साखर संपली तेव्हा उंदीर नुसत्या दारूवर आले होते.

"असंच लागते, मॅडम," शालिकभाऊ म्हणाले होते. "मलेही माझ्या साळ्यानं असंच लावलं."

शालिकराम भोयर प्राणिघर सांभाळायचे. मिशा भारदस्त, मतं त्याहून भारदस्त. दारूबंदीच्या जिल्ह्यात राहून ते रोज प्यायचे. पलीकडच्या जिल्ह्यातून सायकलच्या ट्यूबमध्ये मोहाची यायची, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. सकाळी कामावर यायचे ते लवंग चघळत. पण पिंजरे लख्ख, भुसा रोज बदललेला. उंदीर त्यांच्या हाताला कधी चावले नाहीत. सरांना एकदा चावला, तर शालिकभाऊंनी आधी उंदराला काही झालं नाही ना ते पाहिलं.

प्रयोगाची दारू मात्र त्यांच्या हाती लागायची नाही. सरकारी परवान्यावर आलेली, माझ्या खोलीतल्या कपाटात सुईच्या औषधाशेजारी ठेवलेली, कपाटाला दोन कुलपं, किल्ल्या सुलभाच्या पर्समध्ये. भरायची तिनं, मोजायची तिनं, उरलेली सांडायची तिनं, तीही कुणाच्या समोर. उत्पादन शुल्काचा माणूस येऊन बाटल्या उजेडात धरून जायचा. दारूच्या थेंबाथेंबावर आमचे डोळे होते. पाणी शालिकभाऊ भरायचे. पाण्यात बघण्यासारखं काय असतं?

एप्रिलच्या सुरुवातीला एकदा शालिकभाऊ माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. वीज गेली होती, यंत्र बंद होतं, बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेले मेंदूचे नमुने वितळतात की काय म्हणून मी आणि सुलभा पोती गुंडाळत होतो. आठवड्यातली ही तिसरी खेप. सुलभा सरकारी वीज खात्याच्या सात पिढ्या उद्धरत होती.

"मॅडम, मी सोडली."

"काय सोडली?" सुलभानं वर न बघता विचारलं.

"उंदरानं सोडली तेच."

आम्ही दोघींनी वर पाहिलं. लवंग नव्हती.

"कधीपासून?"

"त्यायची बाटली भरलेलीच राहू लागली तवापासून. रोज सकाळी पाहतो ना मी. म्हटलं, एवढुसा जीव. त्याले ना बायको, ना लेकरं, ना देवाची भीती. तो सोडते, अन् मी काय मेलो?"

"सुई घेतली नाहीत ना कुठं चोरून?" मी विचारलं.

"काहून? सुई उंदराले लागते, मी माणूस हाय. पण जमलंच नाई, तर सुई हाय ना. ते कपाटात हाय म्हणून मालूम असलं की रात निघून जाते." मग जरा घुटमळून त्यांनी पिशवीतून डबा काढला. "हे घरून वच्छलेनं देल्लं. कुरड्या हायेत. म्हणे, मॅडमच्या हातावर ठेवा."

सुलभानं डबा घेतला आणि एवढ्या वैतागात पहिल्यांदा हसली. ते गेल्यावर मला म्हणाली, "नलू, प्रबंधात हा माणूस घालता येत नाही, नाहीतर घातला असता."

त्यानंतर शालिकभाऊ तिच्या निकालाचे सरांच्या खालोखाल भागीदार झाले. सकाळी तिच्याआधी येऊन पातळ्या बघून ठेवायचे आणि ती दिसली की मान हलवायचे. एका उंदराचं नाव त्यांनी सरपंच ठेवलं होतं, कारण तो कुणाला न विचारता सगळ्यांआधी सुधारला.

मग मुंग्या आल्या.

सुलभा त्या सकाळी नेहमीप्रमाणे बाटल्या काढत होती. औषधवाल्या रांगेतल्या एका पाण्याच्या बाटलीवर तिच्या बोटांना मुंग्या लागल्या. तिनं झटकल्या. पुढच्या बाटलीवरही मुंग्या. ती अख्खी रांग बघत गेली. मग मिठाच्या पाण्याची सुई दिलेल्यांच्या रांगेत गेली. तिथं एकही मुंगी नव्हती. तिनं बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन चाखलं आणि तशीच उभी राहिली. मी तिचा चेहरा बघून जवळ गेले. तिनं बोट माझ्याकडं केलं. पाण्याला वाळ्याचा वास होता आणि ते गोड होतं.

"शालिकभाऊ," तिनं हाक मारली. "या पाण्यात काय आहे?"

"उतारा," शालिकभाऊ म्हणाले. इतक्या सहज, की मीठ कुठं आहे विचारल्यावर डब्यात म्हणून सांगावं.

"कसला उतारा?"

"दारूचा. तुमी संध्याकाळी सुई देता, ते सकाळी पाहा कसे पडून राहतात. खात नाईत, मुंडी उचलत नाईत. मी वळखतो ना हे, मॅडम. रातची उतरली नाई की माणूस असाच पडते. मग वाळ्याच्या पाण्यात खडीसाखर विरघळून देतो. बरं वाटते त्यायले."

"आणि त्या रांगेतल्यांना?"

"त्यायले काहून देऊ? ते टणटण पितात अन् टणटण उठतात. उतारा ज्याले चढली त्याले."

औषधानं उंदरांची भूक मरते आणि ते सुस्त होतात, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही ते लिहूनही ठेवत होतो. त्या सुस्तीला शालिकभाऊंच्या मुलखात दुसरं नाव आहे, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. साखरेनं लावलेली दारू साखरेनंच सुटली होती. एकीकडे साधी दारू, दुसरीकडे सरबत. उंदीर एवढाही मूर्ख नसतो.

सुलभा तशीच सरांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शालिकभाऊंना बोलावलं.

"भोयर, नीट आठवून सांगा. तुम्ही हे गोड पाणी सगळ्यांनाच देत होता ना?"

"नाई, सर. सुईवाल्यायलेच."

"एखाद्या वेळी त्या रांगेतही गेलं असेल."

"कसं जाईन? मी काय आंधळा हाय?"

"गेलं असतं तर काही बिघडलं नसतं, उलट चांगलंच झालं असतं. मग फरक सुईचाच ठरला असता."

"तुमी सांगतलं असतं तर दिलं असतं."

सरांनी चष्मा काढला. "मग असं धरा, की मी सांगितलं होतं."

शालिकभाऊंनी सरांकडे पाहिलं. माणूस अडाणी नव्हता. आपल्याकडे काय मागितलं जातंय ते त्यांना कळलं होतं, आणि देऊन टाकायला त्यांची ना नव्हती. सरांना खुर्ची, मॅडमला पदवी, आपल्यावरचा ठपका रद्द. एका वाक्यात तिघांची सोय होत होती.

"धरतो," ते म्हणाले. मग सुलभाकडे वळले. "पण मॅडम, सुई खरी हाय ना? पाण्यानं कोणी दारू सोडते काय? असं असतं तर मी कवाच सोडली असती."

सुलभाला तिथं हो म्हणता आलं असतं. सरही तिच्याकडेच बघत होते.

"मला माहीत नाही, शालिकभाऊ," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखं साधं पाणी देऊन परत करावं लागेल."

"परत?" सर उठून उभे राहिले. "दिल्लीला माझं नाव छापून गेलंय, उमाटेबाई. तुमच्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आली. परत म्हणजे काय कळतं का? नवे उंदीर. परत साखर, परत हिवाळ्यातला तो सगळा छळ."

"मग निबंधावर माझं नाव नको, सर."

सर दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. दुष्ट असते तर तिला तिथल्या तिथं काढून टाकलं असतं. त्यांची अडचण निराळी होती, त्यांचा स्वतःच्या औषधावर खरोखर विश्वास होता. ते खिडकीपाशी गेले, परत आले. "करा. पाण्यानं एवढा फरक पडत नसतो. तेच येईल, आणि मग तुम्ही माझी माफी मागाल."

"मागीन, सर."

"बरोबर बोलले सर," दाराबाहेर आल्यावर शालिकभाऊ म्हणाले. "सुई खरीच हाय. तुमी उगाच जीव जाळता."

नवे उंदीर आले. या वेळी ते लवकर दारूला लागले, हीच काय ती दया. शालिकभाऊंना सुलभानं समोर बसवून सांगितलं, की दोन्ही रांगांत एकच पाणी, साधं, नळाचं. कुणी मेल्यासारखा पडला तरी उतारा नाही. त्यांनी ऐकलं, आणि पाळलं. त्यांना ते बघवत नव्हतं हे दिसायचं. सुस्त पडलेल्या उंदराला ते तळहातावर घेऊन उगाच बसून राहायचे. त्या बॅचमधल्याही एका उंदराला त्यांनी सरपंचच नाव दिलं. पहिला सरपंच केव्हाच माझ्या यंत्रातून गेला होता.

पहिले काही दिवस औषधवाल्यांच्या बाटल्या भरलेल्या राहिल्या. शालिकभाऊ दारात उभे राहून सुलभाला मान हलवून दाखवायचे. सरांना कुणीतरी बातमी पोचवली, त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा सांगितला. मग औषधाची पहिली ग्लानी ओसरली आणि एकेक बाटली उतरू लागली.

"हा गेला," शालिकभाऊ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी, "हाही गेला."

"तुम्ही रोज कशाला बघता?" मी एकदा म्हणाले. "सुलभा बघतेच आहे."

"माझं पाहणं येगळं हाय, मॅडम."

सरपंच तेवढा टिकून होता. त्याची बाटली काठोकाठ. शालिकभाऊंचं सगळं आता त्याच्यावर आलं होतं. "हा जाणार नाई. समजदार हाय. एकावर लागली तर बाकीच्यायले कमी पडली म्हणायची. डोस वाढवा तुमी." सुलभा नुसती पातळी लिहून घ्यायची. दिवसेंदिवस तिची भाषा आखडत चालली होती. माफी मागायची पाळी येत नाहीये, हे तिला कळत होतं, आणि त्याचा आनंद होईल अशी सोय कुठं नव्हती. ती बरोबर ठरली तर पदवी पाण्यात, चुकली तर तोंडघशी. तिनं मला एकदा विचारलं, "नलू, मी हे कुणासाठी करतेय?" मी म्हणाले, "मला नको विचारूस, माझा यात वाटा नाही."

एका सकाळी आम्ही दोघी आत शिरलो तेव्हा शालिकभाऊ सरपंचाच्या पिंजऱ्यापाशी ओणवे झाले होते. दारूची बाटली त्यांच्या हातात होती आणि ती अर्धी झाली होती.

"बाटली गळते," ते म्हणाले.

सुलभानं बाटली घेतली. उलटी धरली, कागद लावला, थांबली. कागद कोरडा होता.

"झाकण ढिलं असन."

तिनं झाकण त्यांच्यापुढं फिरवून दाखवलं.

"नवी लावा. हे बाटली खराब हाय."

तिनं नवी लावली. त्यांच्या समाधानासाठी खाली कागदही पसरला. आम्ही तिघं तिथंच उभे होतो. सरपंच कोपऱ्यातून निघाला, पाण्याच्या नळीपाशी आला, हुंगला, आणि तिथून सरकत दारूच्या नळीला तोंड लावून पीत राहिला. कागद कोरडाच होता.

शालिकभाऊंनी हात पुसले. "भुसा बदलाचा हाय," म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी सगळ्या पिंजऱ्यांचा भुसा बदलला. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. तिसऱ्याही नाही. आले तेव्हा लवंग चघळत होते.

माझ्या यंत्रानं त्याच महिन्यात आपला हिशेब दिला. मेंदूतलं सेरोटोनिन औषधानं बदलत होतं, आधीसारखंच, आकड्याला आकडा जुळत होता. ते खरं होतं. गोड पाणी दिलं की उंदीर दारू कमी पीत होते, तेही खरं होतं. या दोन खऱ्यांची सरांनी जुळवलेली सोयरीक तेवढी खोटी होती. सुलभानं कागद त्यांच्यापुढं ठेवले. सरांनी ते शेवटपर्यंत वाचले, परत पहिल्यापासून वाचले, आणि म्हणाले, "मेंदूचे आकडे मी दिल्लीला नेतो. पिण्याचं काढून टाकू."

"माझी पदवी, सर?"

"काही झालं नाही, यावर पदवी कोण देतो, उमाटेबाई?"

बाहेर येऊन तिनं पर्समधून कपाटाच्या किल्ल्या काढल्या, बघितल्या, आणि पुन्हा आत टाकल्या.

आषाढात एके दुपारी एक बाई माझ्या खोलीच्या दाराशी आली. चप्पल बाहेर काढून ठेवली होती. "उमाटे मॅडम इथं बसतात काय जी? मी वच्छला. भोयरच्या घरची."

सुलभानं तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"मॅडम, ते उंदरायची सुई असते ना, ते एक पायजे होती. त्यायले सांगू नका मी आली म्हणून. जेवणातून देता येत असन तर तशी द्या."

"ती सुई लागू पडत नाही, वच्छलाबाई."

"आधी पडत होती ना?"

"आधीही पडत नव्हती. त्यांनी उंदरांना खडीसाखरेचं पाणी दिलं, त्यामुळं तसं वाटलं."

वच्छलाबाईंनी हे नीट ऐकलं. "खडीसाखरेचं पाणी तर मी रोज सकाळी देते त्यायले. लग्न झालं तवापासून देते. त्यानं कुठं सुटली?"

"तेच म्हणतेय मी. माणसांना त्याचा उपयोग नाही. आणि सुईचाही नाही."

"पण उन्हाळाभर घरी बसून जेवले ना, मॅडम. पोरीले बाजारात घेऊन गेले. मी सपनात नाई पाहलं." ती सुलभाच्या अगदी जवळ आली आणि आवाज खाली केला. "आताची नसन लागत. ते आधीचंच द्या ना. असन ना थोडं राहिलेलं?"

सुलभानं कपाटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी यंत्राकडं वळले. त्याला काही झालं नव्हतं.

"नाही राहिलं," सुलभा शेवटी म्हणाली.

वच्छलाबाई चप्पल घालून गेली.

याला आता खूप वर्षं झाली. मी निवृत्त झाले. सरांना खुर्ची त्याच श्रावणात मिळाली, मेंदूच्या आकड्यांवर. मुलाखतीत उंदीर किती प्याले हे कुणी विचारलं नाही. सुलभाला दुसरे मार्गदर्शक मिळाले, दुसरा विषय मिळाला आणि पदवीही मिळाली, उशिरा. औषध दारू सोडवत नाही हे तिनं शोधलेलं खरं निघालं, पण तिच्या नावावर ते कुठंच लागलं नाही. शालिकभाऊंनी प्राणिघर पूर्वीसारखंच लख्ख ठेवलं आणि पुन्हा कुठल्या उंदराला नाव दिलं नाही. तेव्हा एकूण किंमत पाहता, देवतळे सरांनी काही भरलं नाही. सुलभानं वर्षं भरली, शालिकभाऊंनी एक उन्हाळा. बाकीचं सगळं वच्छलाबाईंनी.